तारापूरचे ऋण आणि भारताचे हवामान-वचन

#थ्रेड #इतिहास

२ ऑक्टोबर २०१५. पॅरिस परिषदेपूर्वी भारताने आपले राष्ट्रीय वचन संयुक्त राष्ट्रांकडे पाठविले. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी घटवायचे. तुलनेचे आधारवर्ष २००५.

त्याच २००५ च्या सप्टेंबरमध्ये तारापूरचा ५४० मेगावॅटचा चौथा संच व्यावसायिक उत्पादनात उतरला. तिसरा पुढच्या ऑगस्टमध्ये. या दोन संचांसाठी मच्छीमार व शेतकऱ्यांची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलविण्यात आली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

तारापूरचा आरंभ हवामानासाठी झालेला नव्हता. १९६३ चा अमेरिकेशी करार, १९६९ मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच, १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अडलेले अमेरिकी इंधन, मग फ्रान्सकडून पुरवठा: हा सारा इतिहास विजेचा आणि स्वावलंबनाचा. ‘बिगर-जीवाश्म’ हे बिरुद या प्रकल्पाला फार उशिरा लाभले. २०१५ च्या वचनात अशा स्थापित क्षमतेचा वाटा ४० टक्के ठरला, २०२२ मध्ये ५० टक्के झाला, आणि अणुवीज त्यात धरली जाते.

भारताची मूळ भूमिका न्याय्यच आहे. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत भेद करून दाखविला. १९९२ च्या रिओ परिषदेत ‘समान, परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व मान्य झाले. श्रीमंत राष्ट्रांनी आधी भरपाई करावी, हा आग्रह रास्त होता आणि आहे. मात्र हाच भेद देशाच्या सीमेआत कोणी लावत नाही. ज्याचा वीजवापर जेमतेम, त्या कोळ्याचे घर उठले. त्या विजेचा मोठा ग्राहक दूर शहरांत व कारखान्यांत आहे.

शेजारच्या बोईसरमध्ये गणिताची आणखी एक गंमत दिसते. (गंमत म्हणायची ती नाइलाजाने.) वचन आहे उत्सर्जन-तीव्रतेचे, म्हणजे अंशस्थानी हरितगृह वायू, छेदस्थानी उत्पादन. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक मालाचे मूल्य छेदात मिळते आणि आकडा सुधारतो. खाडीत उतरणारे सांडपाणी अंशात कुठेच येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात हीच वसाहत ९३.६९ गुणांनिशी देशातील सर्वाधिक प्रदूषित ठरली होती.