धरण्यासाठी शिवलेला कपडा: जिउ-जित्सूच्या 'गी'ची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग बसा निवांत.

ब्राझिलियन जिउ-जित्सूचे क्लास आता मुंबई-पुण्यातही चालतात. क्लास लावला की आठवड्याभरात प्रश्न येतोच, "गी कुठला घेऊ?" गी म्हणजे तो जाडाभरडा कोट, नाडीची पँट आणि वर पट्टा. त्यात पैसे बऱ्यापैकी जातात, म्हणून प्रश्न साधा नाही. मला वाटतं, याचं उत्तर दुकानात शोधण्याआधी इतिहासात शोधावं. कारण या कपड्याचा प्रत्येक टाका कोणत्या तरी अडचणीतून आलाय.

सुरुवात जपानमधून करू. 1882 साली जिगोरो कानो नावाच्या तरुण शिक्षकाने टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात कोदोकान सुरू केलं. जागा किती? फक्त 12 ततामी चटयांची. जुन्या जुजुत्सूमधून त्यांनी जुडो घडवला आणि त्यात भर दिला तो मोकळ्या झुंजीवर, म्हणजे दोघांनी पूर्ण ताकदीने एकमेकांना धरायचं, ओढायचं, पाडायचं. आता सांगा, रोजच्या वापरातला किमोनो ही ओढाताण किती दिवस सोसणार?

मग असा कपडा आणायचा कुठून? त्या काळच्या जपानी अग्निशामकांचे कोट सुती कापडाचे थरावर थर घालून शिवलेले असत. आगीत शिरण्याआधी ते पाण्याने भिजवायचे. जुडोच्या कोटावर या कोटांचा प्रभाव पडला असं मानलं जातं. त्यांच्या शिवणीला 'साशिको' म्हणतात. आपल्या आजीच्या गोधडीवरचा धावदोरा आठवा, जवळपास तीच युक्ती. थर एकमेकांना बांधले की जुनं कापडही वर्षानुवर्षं टिकतं. पुढे हीच दाणेदार वीण थेट मागावर विणली जाऊ लागली. आज गीवर हात फिरवला की तांदळाच्या दाण्यांसारखं जे खरखरीत लागतं ना, ते हेच.

पण सुरुवातीच्या कोटाच्या बाह्या कोपराशीच संपायच्या आणि पँट गुडघ्याच्याही वर असायची. त्यामुळे कोपरं, गुडघे सोलून निघायचे. 1906-07 च्या सुमारास बाह्या आणि पँट दोन्ही लांब झाले. कातडी वाचली, आणि वर खेळही बदलला! धरायला लांब बाही मिळाल्यावर बाही ओढून तोल घालवण्याचे डाव फुलले. आपल्या कुस्तीत पैलवान लंगोटावर उतरतो, पकड मुख्यतः अंगावरच घ्यावी लागते. इथे मात्र कपडा म्हणजे मूठ. जो कपडा तुम्ही घालता, तोच समोरच्याच्या हातात असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढची सगळी निवड तिच्यावरच ठरते.

आता जहाजात बसू. कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थिरावले. तिथे कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले आणि 1925 मध्ये ग्रेसींनी रिओ दि जानेरोत अकादमी काढली. तिथे जोर आला जमिनीवरच्या लढतीवर. पाठीवर पडून लढायचं, कॉलर धरून गळा आवळायचा, गुडघ्यांवर सरकायचं. साहजिकच झीज कुठे होणार? कॉलर, गुडघे, बगल आणि जांघेत. म्हणून आजच्या चांगल्या गीमध्ये कॉलर जाड असते, गुडघ्यांवर दुहेरी कापड असतं, बगलेत आणि जांघेत जादा जोड असतो. जुडोच्या कोटापेक्षा हा कोट सहसा अंगाबरोबर असतो आणि बाहीही अरुंद असते. कारण उघड आहे: ढगळ कापड म्हणजे समोरच्याला फुकटची मूठ.

आता तुमच्या खरेदीकडे येऊ.

पहिलं म्हणजे, घरात शाळेतला कराटेचा ड्रेस पडला असेल तर तो राहू द्या. कराटेत मुख्यतः ठोसे आणि लाथा, म्हणून ते कापड पातळ असतं. इथे ते टरकन फाटेल. आणि फाटका गी धोकादायक असतो. भोकात कुणाचं बोट अडकलं की ते मुरगळतं.

दुसरं, वजन. कापडाचं वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. 350 च्या आसपास हलकं, 550 म्हणजे भारी. भारी कापड जास्त टिकतं, पण ऐन जुलैत मुंबईत ते दोन दिवस वाळत नाही. ओला गी पुन्हा अंगावर चढवला की नायट्याला आमंत्रण, आणि तो तुमच्याबरोबर सगळ्या क्लासला होतो. म्हणून आपल्या हवेत मी 400 ते 450 च्या मधलं 'पर्ल वीव्ह' कापड सुचवेन. कॉलरच्या आत पटकन वाळणारा फोम आहे का, तेही विचारा.

तिसरं, माप. ए1, ए2 हे आकडे मुख्यतः उंचीवरून ठरतात, आणि प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं. सुती कापड आटतं, म्हणून आधीच आटवलेलं आहे का ते बघा आणि गरम पाण्यात धुऊ नका. हात समोर सरळ करा. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमानुसार बाही मनगटापासून 5 सेंटीमीटरपेक्षा वर नको. मग उकिडवं बसा, गुडघा छातीशी आणा. कुठे ताणलं तर शिवण तिथेच उसवणार.

रंग? त्यांच्या स्पर्धांत पांढरा, रॉयल ब्ल्यू आणि काळा चालतो. एकच घ्यायचा असेल तर साधा पांढरा घ्या. पॅच आणि नक्षीचे पैसे वाचवा, ते शिवणीच्या दर्जावर घाला. प्रत्येक क्लासनंतर गी धुवा. पट्टासुद्धा! पट्टा धुतला की त्यातली विद्या वाहून जाते म्हणे. मंडळी, वाहून जातो तो फक्त घाम.

शेवटी एवढंच, की चांगला गी फक्त तुमच्यासाठी नसतो. तो धरणाऱ्या जोडीदाराची बोटं आणि कातडीही त्यानेच सांभाळायची असतात. दुकानात आरशासमोर उभे राहाल तेव्हा नुसतं "कसा दिसतो?" विचारू नका. कॉलर मुठीत घट्ट धरा आणि जोरात ओढून बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर मस्त राहा, ऐकत राहा!