पाचशे पंचावन्न मीटर

18 फेब्रुवारी 2024. मनगटावरचं घड्याळ थरथरतं : 42.2. संपलं, असं पाय परस्पर ठरवून टाकतात. तुम्ही मान वर करता, तर कमान अजून अर्धा किलोमीटर पुढे.

रस्ता बरोबरच मोजलाय. वळणांवर तुम्ही बाहेरून धावलात, पाण्याच्या टेबलांकडे आडवे गेलात. ते सगळे मीटर आता एकदम वसुलीला आलेत. डाव्या पोटरीत गोळा आलाय. ओठ खारट लागतात, घामाने की वाऱ्याने कळत नाही. अटल सेतूचं उद्घाटन होऊन जेमतेम महिना झालाय. एरवी इथे पायी यायला बंदी, म्हणून तर तुम्ही नाव नोंदवलंत. दक्षिणेला घारापुरी, शेव्याकडे बंदराच्या क्रेन. तुम्ही थांबता, कठड्याला हात टेकता, डोळे मिटता.

उघडता, तेव्हा कठडा नसतो. पाय घोट्यापर्यंत गाळात. साल 1920. शेवा हे नुसतं गाव आहे; बंदर सुरू व्हायचं ते 1989 मध्ये. क्रेनच्या जागी तिवरं, गाळात चिंबोऱ्यांची बिळं, पलीकडे पावसाआधी झाकायचे मिठाचे पांढरे ढीग. मुंबईला जायचं तर मचवा, आणि मचव्याला भरतीची वाट बघणं आलं.

समोरच्या त्या मुंबईतूनच यंदा सहा खेळाडू बोटीने अँटवर्पच्या ऑलिंपिकला निघालेत. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, त्यातून हे सगळं उभं राहिलं. सहांपैकी दोघे मॅरेथॉन धावणार आहेत : सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले.

गाळातून पाय उपसता तो थेट अँटवर्पच्या ओल्या रस्त्यावर पडतो. 22 ऑगस्ट. पावसाने अंगातला सदरा पाठीला चिकटलाय. दातारांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागते. चौगुले मात्र तुमच्या दोन पावलं पुढे आहेत. त्यांचा श्वास ऐकू येतो, एकसारखा, जात्यावर दळण चालावं तसा. किलोमीटरला चार मिनिटं, सुरुवातीपासून सरासरी हीच. मनगटाकडे ते बघत नाहीत. तिथे बघण्यासारखं काही नाही.

तुमच्या मनगटावर मात्र आहे. 42.195 होतात. तुम्ही त्यांना सांगायला तोंड उघडता : अहो, झालं की! पण तो आकडा मॅरेथॉनसाठी कायम व्हायला अजून एक वर्ष आहे. लंडनला 1908 मध्ये तेवढं अंतर धावले होते, इतकंच. अँटवर्पची वाट 42.75 किलोमीटर आखलीय. ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरेथॉन कधी झाली नाही. चौगुल्यांच्या वेगाने वरच्या 555 मीटरला सव्वादोन मिनिटं लागतात. ती कोणी वजा करत नाही. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन केव्हाच जिंकलाय. चौगुले स्टेडियममध्ये शिरतात, रेषा ओलांडतात : 2 तास 50 मिनिटं 45.4 सेकंद. एकोणिसावे.

पाऊस थांबतो. हाताला पुन्हा कठड्याचं गार लोखंड लागतं.

पोटरी तशीच दुखतेय. तुम्ही धावू लागता. धावणं म्हणजे लंगडत पुढे सरकणं. बाजूने कोणीतरी "चला, चला, आलंच" म्हणतं. आलेलं नसतं. तरी पावलं पडत राहतात, आणि कमान डोक्यावरून मागे जाते.

घड्याळ बघता. 42.71.

चौगुल्यांपेक्षा चाळीस मीटर कमी.

मेडल घेऊन उभ्या असलेल्या मुलीला ओलांडून तुम्ही तसेच पुढे निघता.

"ओ, संपली शर्यत! मेडल इकडे!"

"आलोच," तुम्ही म्हणता, आणि आकडा बदलायची वाट बघत चालत राहता.