देवासची हवा आणि क्षयाचे पथ्य

धारचा परमार राजा भोज याने पातंजल योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ नावाची जी वृत्ती लिहिली, तिच्या आरंभीच त्याने व्याकरणावर आणि वैद्यकावरही आपण ग्रंथ रचल्याचे सांगितले असून वैद्यकग्रंथाचे नाव ‘राजमृगांक’ असे दिले आहे. वाणी, चित्त आणि शरीर या तिहींचे मल दूर करणे हे एकाच विद्येचे कार्य होय, अशी ती दृष्टी होती. आणि ज्या वैद्यकपरंपरेत भोज वाढला तीत राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, झिजणाऱ्या रोग्याला शेळीचे दूध, तूप व मांसरस देण्याबरोबरच शेळ्यांच्या सहवासात राहण्यासही सांगितलेले होते. औषध, आहार आणि विहार यांची फारकत अद्यापि झालेली नव्हती.

पुढे अठराव्या शतकात पवारांनी धारला एक आणि देवासला थोरली व धाकटी अशा दोन पातींची दौलत उभी केली, आणि मराठी दप्तर, मराठी कारभारी व मराठी बोलणारी घरे माळव्याच्या पठारावर स्थिरावली. मुंबईहून आलेल्या रुग्ण गवयाला देवास अगदीच परमुलूख वाटू नये, ही तजवीज अशी दोनशे वर्षे आधीच होऊन गेली होती.

तो गवई म्हणजे बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, अर्थात कुमार गंधर्व. बी. आर. देवधरांच्या मुंबईतील विद्यालयात घडलेल्या या तरुणाचा विवाह १९४७ साली त्याच विद्यालयात गाणे शिकलेल्या भानुमतीबाईंशी झाला, आणि लवकरच फुप्फुसाच्या क्षयाचे निदान होऊन कोरड्या हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला मिळाला. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हे दांपत्य देवासला पोहोचले. आणि चार महिन्यांच्या आत धार व देवासच्या गाद्या मध्य भारत संघात विलीन होऊन गेल्या.

हवापालटाचा हा सल्ला त्या काळी अडाणीपणाचा मुळीच नव्हता. त्या वेळच्या प्रशियातील गोर्बर्सडोर्फ येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेर्मान ब्रेमर याने क्षयरोग्यांसाठी पहिले आरोग्यधाम काढले तेव्हा डोंगरवाटांवरून बेताबेताने चालविण्यावर त्याचा भर होता. उलट त्याचाच रुग्ण व शिष्य पेटर डेटवाइलर याने फाल्केनस्टाइनला उघड्या सज्जात तासन् तास निश्चल पडून राहण्याचा दंडक घातला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात फ्रिमली येथे मार्कस पॅटरसन याने रोग्याला प्रथम चालणे, मग टोपल्या वाहणे, मग फावडे चालविणे अशा चढत्या श्रमांचा क्रम लावून दिला. व्यायाम की विश्रांती हा वाद चालू असताना आहाराविषयी मात्र सर्वांचे एकमत होते: दूध, लोणी, अंडी, मांस, आणि पोटाला झेपेल त्याहून थोडे अधिकच. आपल्याकडे अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली मिशनऱ्यांनी पहिले आरोग्यधाम उघडले, व मिरजेस डॉ. वॉनलेस यांच्या प्रयत्नाने दक्षिण महाराष्ट्राची सोय झाली.

देवासला आरोग्यधाम नव्हते, घर होते. आणि आरोग्यधामात दहा नोकरांनी करावयाचे काम तेथे भानुमतीबाई करीत होत्या. त्यांनी गावातील शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, आणि त्या पगारावर घरखर्च, औषध व पथ्य असे सर्व चालले. क्षयाच्या इतिहासात ब्रेमर आणि डेटवाइलर यांची नावे येतात, ती यावीतच. परंतु ज्या स्त्रियांनी शेरभर दुधासाठी स्वतःच्या गाण्याचा रियाज बाजूला ठेवला त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, ही मला या इतिहासातील मोठी उणीव वाटते. गाण्याची तर कुमारांना सक्त मनाई होती. गवयाचा व्यायाम म्हणजे त्याचा श्वास, आणि नेमका तोच वर्ज्य. म्हणून पडल्या पडल्या त्यांनी कान उघडे ठेवले, माळव्यातील स्त्रियांची गीते आणि नाथपंथी भजने ऐकली, आणि त्या लोकधुनांतून पुढे मालवती, अहिमोहिनी, संजारी असे राग उगवले, जे १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात पाहावयास मिळतात.

तथापि कुमार बरे झाले ते केवळ हवेने नव्हे. १९४३ साली अमेरिकेत आल्बर्ट शाट्झ व सेल्मन वाक्समन यांनी शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन हिंदुस्थानात सुलभ झाले, १९५२ च्या सुमारास ते त्यांनाही मिळाले, आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले असतानाही ते पुन्हा मैफलीत बसले. हवा, विश्रांती आणि दूध यांनी त्यांना त्या औषधापर्यंत तगविले, हे त्यांचे श्रेय मी कमी लेखीत नाही. पण रोग हटविला तो औषधाने. मद्रासच्या क्षयरोग-उपचार केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर दाट वस्तीतील घरी राहून, अपुरे खाऊन, पण नियमाने औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे झाले, आणि आरोग्यधामांचे युग तेथेच संपले.

आधी पथ्य आणि मग औषध, हाच क्रम एचआयव्हीच्या बाबतीत पुन्हा घडला, आणि भारतात या विषाणूने बाधित झालेल्यांना सर्वाधिक गाठणारा संधिसाधू रोग पुन्हा क्षयच ठरला. १९८६ साली मद्रासला देशातील पहिली बाधा आढळल्यापासून १ एप्रिल २००४ रोजी शासनाने एआरटी, म्हणजे या विषाणूला रोखणारी औषधे, मोफत देण्यास आरंभ करीपर्यंत बहुतेकांच्या हाती पथ्य, काढे, आसने आणि बरे करून देण्याच्या जाहिराती एवढेच होते. टांझानियात दारेस्सलाम येथे बाधित गरोदर स्त्रियांना जीवनसत्त्वे दिल्याने रोगाची गती मंदावते असे २००४ साली दिसून आले, म्हणजे आहाराचे बळ खरे होते. परंतु त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री औषधांविषयी संशय वाढवीत लसूण, बीट आणि लिंबू यांची महती गात होत्या, आणि त्या धोरणापायी तीन लाखांहून अधिक माणसे प्राणास मुकली असा हार्वर्डच्या संशोधकांचा हिशेब आहे. पूरक उपचाराला औषधाच्या आसनावर बसविले की त्याचे मोल रोगी मोजतो. आज नियमित औषध घेणाऱ्याने चालावे, स्नायू राखण्यापुरते वजन उचलावे, प्राणायामाने मन स्थिर करावे, डाळ, दूध, अंडी खावीत. मात्र कोणताही काढा डॉक्टरांच्या कानावर घातल्यावाचून घेऊ नये, कारण काही वनस्पती एआरटीचा प्रभाव उणा करतात.

आहाराच्या पक्षाला अलीकडे झारखंडातून जी साक्ष मिळाली आहे ती मात्र वेगळ्या प्रकारची आहे. तेथे क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ असा शिधा देण्यात आला, तेव्हा त्या घरांतील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली जाहीर झाले. सरकारी योजनेत रोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले आहेत. पण ती रक्कम रोग्याच्या नावची असते, आणि ताट तर सर्व घराचे असते.