नागपूरच्या उन्हाळ्यात फाउंडेशन निवडताना...

चैत्र-वैशाखातील लग्नसराई आणि नागपूरचे ऊन यांची गाठ दरवर्षी पडते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वधूचा मेकअप सकाळच्या विधींपासून रात्रीच्या स्वागत समारंभापर्यंत टिकावा, अशी अपेक्षा असते. तो टिकणे बहुतांशी पहिल्या थरावर, म्हणजेच फाउंडेशनवर अवलंबून असते. मात्र नेमकी याच प्रसाधनाची खरेदी घाईत, दुकानातील ट्यूबलाइटच्या उजेडात आणि 'एक शेड उजळ द्या' अशा आग्रहाने होते. परिणामी चेहरा राखाडी आणि मान सावळी, अशी छायाचित्रे अल्बममध्ये कायमची राहतात.

फाउंडेशन म्हणजे काय?

त्वचेचा रंग सर्वत्र एकसारखा दिसावा, डाग आणि लालसरपणा झाकला जावा, यासाठी फाउंडेशन वापरतात. पाणी, तेल किंवा सिलिकोन यांच्या मिश्रणात रंगद्रव्ये घोटून ते तयार होते. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरेपणा आणि झाकण्याची शक्ती देते, तर लोहाची लाल, पिवळी व काळी ऑक्साइडे त्वचेची छटा देतात. यांचे प्रमाण बदलले की शेड बदलते.

आजच्या फाउंडेशनचे मूळ चित्रपटसृष्टीत आहे. रंगीत चित्रपट आल्यावर जुने तेलकट रंग पडद्यावर चकाकू लागले. त्यावर उपाय म्हणून मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३० च्या दशकात 'पॅन-केक' तयार केला आणि पुढे तो सर्वसामान्य स्त्रियांच्या हाती आला. भारतात १९५२ मध्ये टाटा समूहाने 'लॅक्मे' सुरू केली. तरीही सावळ्या वर्णाला जुळणाऱ्या शेड्स जगभरातच दीर्घकाळ मोजक्या होत्या. २०१७ मध्ये 'फेंटी ब्यूटी' हा ब्रँड एकदम ४० शेड्स घेऊन बाजारात उतरला, त्यानंतर इतर कंपन्यांनीही आपल्या शेड्स वाढविल्या. त्यामुळे 'आपला रंग मिळतच नाही' ही अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

शेड कशी ठरवावी?

मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर शेड तपासण्याची पद्धत चुकीची आहे, कारण हाताचा रंग चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. जबड्याच्या कडेला, गालापासून मानेपर्यंत, जवळपासच्या तीन शेड्सच्या बारीक रेघा ओढाव्यात. दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात, परंतु सावलीत, आरशात पाहावे. जी रेघ त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली शेड. काही फाउंडेशने हवा आणि त्वचेवरील तेल यांच्या संपर्काने थोडी गडद होतात. म्हणून १५ ते २० मिनिटे थांबूनच निर्णय घ्यावा.

रंग उजळ की सावळा, याइतकीच त्याखालची झाक महत्त्वाची असते. भारतीय त्वचेत बहुधा पिवळसर किंवा सोनेरी झाक आढळते. गुलाबी झाकेचे फाउंडेशन अशा त्वचेवर उपरे वाटते. दोन शेड उजळ फाउंडेशन लावल्यास त्यातील पांढरे रंगद्रव्य सावळ्या त्वचेवर राखेसारखे दिसते आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये हा दोष अधिकच उठून दिसतो.

नागपूरकर तरुणींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दुचाकीवर चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळण्याची सवय असल्याने झाकलेला भाग आणि उघडी राहणारी मान किंवा कपाळ यांच्या रंगात फरक पडतो. अशा वेळी मान आणि गळ्याशी जुळणारी शेड घ्यावी. ब्लीच केल्यावर लगेच किंवा हळदीच्या दिवशी शेड ठरवू नये. हळदीचा पिवळेपणा उतरेपर्यंत त्वचेचा खरा रंग कळत नाही.

हवेनुसार प्रकार

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरची हवा कोरडी असते. मुंबईच्या दमट हवेसाठी दिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. कोरड्या उष्म्यात गाल ओढल्यासारखे होतात, तर नाक आणि कपाळ तेलकट राहते. त्यातच मंगल कार्यालयातील कूलर हवेत ओलावा सोडतात आणि घाम वाळत नाही. अशा वेळी तेलविरहित, पातळ द्रव फाउंडेशन सोयीचे ठरते. पावसाळ्यात मॅट प्रकार निवडावा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत किंचित ओलसर, क्रीमयुक्त प्रकार चांगला. मुरुमांची प्रवृत्ती असल्यास 'नॉन-कॉमेडोजेनिक' असा उल्लेख असलेले उत्पादन घ्यावे. संवेदनशील त्वचा असेल तर कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

लावण्याची पद्धत

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवून टिपून घ्यावा. हलके मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावे. दिवसाचा समारंभ असल्यास त्यावर सनस्क्रीन आवश्यक आहे. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेले असले तरी ते पुरेसे नसते, कारण त्या आकड्याइतके संरक्षण मिळावे एवढे जाड फाउंडेशन कोणी लावत नाही.

फाउंडेशनचे ठिपके कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर द्यावेत. मध्यभागाकडून कडेकडे, ओल्या करून पिळलेल्या स्पंजने थोपटत पसरावे. घासल्यास रेघा उमटतात. केसांची रेषा, कान आणि मान यांच्याशी रंग मिसळला आहे ना, हे पाहावे. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत, कारण जाड थर घामाने फाटतो. डागांवर फाउंडेशन वाढविण्यापेक्षा तेवढ्याच जागी कन्सीलर लावावे. शेवटी नाक, कपाळ आणि हनुवटीवरच पावडर दाबावी. घाम आल्यास आधी टिशूने टिपावा आणि मगच कॉम्पॅक्ट फिरवावा. घामावर पावडर बसली की गठ्ठे होतात.

गोरेपणाच्या हव्यासापासून सावध

फाउंडेशन धुतले की उतरते. मात्र लग्नाआधी रंग उजळविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बिनानावाच्या क्रीमची गोष्ट वेगळी आहे. अकोला येथील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, त्यामुळे काही आठवड्यांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो. परंतु तो शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांवर घाला घालतो. स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमने त्वचा पातळ होते, मुरुमे येतात आणि वापर थांबविताच चेहरा लाल होऊन आग होते. अशा त्वचेवर कोणतेही फाउंडेशन नीट बसत नाही. त्रास जाणवल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि वापरलेली डबी सोबत न्यावी.

खरेदी करताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत पाहावी. आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक असावा. झाकण उघडलेल्या डबीच्या चिन्हातील '१२ एम' याचा अर्थ उघडल्यापासून १२ महिने असा आहे. उन्हात उभ्या गाडीत किंवा गच्चीलगतच्या तापणाऱ्या खोलीत बाटली ठेवू नये. वास बदलल्यास किंवा पाणी व तेल वेगळे झाल्यास मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी.

समारंभ कितीही उशिरा संपला तरी झोपण्यापूर्वी मेकअप उतरवावा. आधी क्लिंझिंग मिल्क किंवा खोबरेल तेलाने तो सुटा करून कापसाने पुसावा, मग चेहरा धुवावा. मुरुमे येणाऱ्यांनी तेल टाळावे. स्पंज दर वापरानंतर साबणाने धुवून पूर्ण वाळवावा. लग्नाच्या किमान आठवडाभर आधी तेच फाउंडेशन लावून दुपारच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यांत एकेक छायाचित्र काढून पाहावे. चेहरा आणि गळा एकाच रंगाचे दिसले, तर निवड बरोबर झाली असे समजावे.