रिकाम्या जागेची कुळकथा

डेटाबेसशी ज्याचा नित्य व्यवहार आहे अशा प्रत्येक प्रोग्रामरला पहिल्या धड्यापासून बजावले जाते की, वापरणाऱ्याने टंकलेली अक्षरे क्वेरीच्या मजकुरात थेट जोडू नयेत, त्यांच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह ठेवून जागा रिकामी सोडावी आणि मूल्ये निराळी पाठवावीत. आणि कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे घातपातापासून संरक्षण. उत्तर खरे आहे, परंतु ते उत्तरकालीन आहे. ही रिकामी जागा जिथे जन्मली तिथे विवंचना होती ती यंत्राच्या श्रमाची, आणि या तंत्राचे पुढचे सारे गुणदोष त्या मूळच्या काटकसरीतूनच उलगडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

1970 च्या जूनमध्ये आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना प्रसिद्ध केली, आणि चारच वर्षांनी तेथीलच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तिला साजेशी भाषा सिद्ध केली, जी आज आपण एसक्यूएल म्हणून ओळखतो. काय हवे तेवढेच माणसाने सांगावे, आणि ते कोणत्या वाटेने शोधावे, कोणता इंडेक्स चाळावा, दोन तक्त्यांची सांगड कोणत्या क्रमाने घालावी, हा सारा विचार यंत्राने करावा, हे या भाषेचे अपूर्वत्व. परंतु यंत्राचा विचारही फुकट होत नाही. सिस्टम आर या प्रायोगिक प्रणालीसाठी पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो ऑप्टिमायझर घडवला आणि ज्याचे वर्णन 1979 साली प्रसिद्ध झाले, तो निरनिराळ्या वाटांचा खर्च अंदाजून त्यांतली स्वस्त वाट निवडीत असे. मात्र एखाद्या खात्याची एकच ओळ काढून आणण्यासारख्या किरकोळ कामात ही निवडच प्रत्यक्ष कामाहून महाग पडावी, असा प्रसंग होता.

यावर तोड सुचली ती याच प्रणालीवर काम करणाऱ्या रेमंड लोरी यांना. एसक्यूएलचे वाक्य प्रत्येक वेळी नव्याने वाचीत बसण्याऐवजी ते एकदाच यंत्रभाषेत उतरवून डेटाबेसातच जतन करून ठेवावे, हे त्यांच्या ध्यानी आले. पीएल-वन किंवा कोबॉलमध्ये लिहिलेला प्रोग्राम प्रथम एका पूर्वप्रक्रियेतून जाई, त्यातली एसक्यूएलची वाक्ये तिथेच वेचली जात, त्यांची योजना ठरे, आणि खातेक्रमांक, रक्कम अशी जी मूल्ये प्रोग्राम चालतानाच कळणार, त्यांच्यापुरती जागा मोकळी राहत असे. मध्यंतरी कोणी एखादा इंडेक्स काढून टाकला तर त्यावर विसंबलेली योजना रद्दबातल ठरे आणि पुढच्या वेळी आपोआप नव्याने तयार होई.

तरीही एक गरज उरली होती. काही उपयोजनांत क्वेरीचा मजकूरच प्रोग्राम चालू असताना तयार होत असे, पण एकदा तयार झाल्यावर तीच क्वेरी भिन्न भिन्न मूल्यांनिशी वारंवार चालवावयाची असे. तिच्यासाठी ऑप्टिमायझरला दर वेळी पाचारण का करावे? या मागणीतून ‘प्रिपेअर’ आणि ‘एक्झिक्यूट’ ही दोन विधाने भाषेत आली. सरकारी कचेरीतल्या छापील नमुन्यात मजकूर, कलमे आणि मोहोरेची जागा एकदाच मुक्रर होते व कारकून नाव, गाव, रक्कम तेवढी भरतो, तशीच ही व्यवस्था आहे.

पुढे 1992 मध्ये ओडीबीसीने आणि 1997 मध्ये जावाच्या जेडीबीसीने ही रिकामी जागा प्रश्नचिन्हाच्या रूपात सर्वदूर नेली; ओरॅकलने नावाआधी अपूर्णविराम लावण्याची रीत ठेवली. परंतु वेबच्या पहिल्या लाटेत अनेकांनी हा वारसा घेतलाच नाही, आणि त्याला सबळ कारणही होते: पीएचपीच्या जोडीने घरोघरी पोहोचलेल्या मायएसक्यूएलमध्ये 2004 च्या 4.1 आवृत्तीपर्यंत सर्व्हरवर क्वेरी आगाऊ तयार करून ठेवण्याची सोयच नव्हती. अशा वेळी मजकुराला मजकूर जोडण्यावाचून प्रोग्रामरला गत्यंतर कोठले? 1998 च्या डिसेंबरात फ्रॅक या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखाने या रीतीतले भगदाड दाखवून दिले. संकेतशब्दाच्या चौकटीत कोणी ' ऑर '1'='1 एवढी अक्षरे टंकली की जोडलेल्या क्वेरीचा शेवट

व्हेअर संकेतशब्द = '' ऑर '1'='1'

असा होतो, आणि ही अट प्रत्येक ओळीला लागू पडत असल्यामुळे दरवाजा सताड उघडतो. अवतरणचिन्हांपुढे आपोआप तिरकी रेघ लावण्याचा ‘मॅजिक कोट्स’ हा पीएचपीचा उपाय इतका अपुरा ठरला की 2012 च्या 5.4 आवृत्तीत तो काढूनच टाकावा लागला. रिकाम्या जागेला असल्या डागडुजीची आवश्यकता नाही. मूल्य येऊन पोहोचते तेव्हा वाक्याचे व्याकरण केव्हाच वाचून संपलेले असते, म्हणून त्या मूल्यात काहीही दडलेले असो, ते मूल्यच राहते. काटकसरीसाठी केलेली रचना अशी संरक्षक ठरली.

आता कोडमध्ये क्वेरी रचणाऱ्यांच्या एका नित्य तक्रारीकडे वळतो. तक्त्याचे वा स्तंभाचे नाव प्रश्नचिन्हाच्या जागी का देता येत नाही? कुळकथा ठाऊक असली की उत्तर हाताशी येते: जिच्यावाचून योजना आखता येते तेवढीच गोष्ट रिकामी सोडता येते, आणि तक्ताच ठाऊक नसेल तर वाट आखायची कशाची? ती नावे प्रोग्रामरने स्वतः संमत केलेल्या यादीतूनच घ्यावीत.

शोधपटावर पाच ऐच्छिक अटी असल्या की क्वेरीची 32 रूपे संभवतात. त्यांसाठी 32 वाक्ये लिहू नयेत, तर कलमांची एक यादी आणि मूल्यांची दुसरी यादी बरोबरीने वाढवीत न्यावी आणि शेवटी कलमे ‘अँड’ने सांधावीत. मात्र कलमांचा क्रम कायम राखावा, कारण जतन केलेली योजना बहुधा वाक्याच्या मजकुरावरूनच शोधली जाते, आणि क्रम फिरला की तीच क्वेरी परकी ठरते. ‘इन’च्या यादीत तर एक मूल्य वाढले तरी मजकूर बदलतो, 1 ते 1,000 लांबीच्या याद्या म्हणजे 1,000 निरनिराळी वाक्ये. जावाच्या हायबरनेट या लायब्ररीत शेवटचे मूल्य पुन्हा पुन्हा भरून यादीची लांबी 1, 2, 4, 8 अशी दोनाच्या घातांत नेण्याची सोय आहे, म्हणजे 1,024 पर्यंत 11 वाक्यांतच भागते. पोस्टग्रेसमध्ये संपूर्ण यादी एकाच ॲरेच्या रूपाने एकाच रिकाम्या जागेत देता येते, आणि मला हा मार्ग अधिक देखणा वाटतो.

या काटकसरीची किंमतही आहे. ऑर्डरच्या तक्त्यात बहुतेक ओळी ‘पूर्ण’ आणि मोजक्याच ‘प्रलंबित’ असल्या, तर पहिल्यांसाठी सारा तक्ता वाचणे स्वस्त आणि दुसऱ्यांसाठी इंडेक्स स्वस्त. पण मूल्य न पाहता आखलेल्या योजनेला हा भेद कळणार कसा? पोस्टग्रेसने 2012 च्या 9.2 आवृत्तीत मध्यममार्ग काढला: पहिल्या पाच खेपांना मूल्य पाहून ताजी योजना आखायची, आणि त्यानंतर मूल्यनिरपेक्ष योजनेचा अंदाजित खर्च त्या ताज्या योजनांच्या सरासरीशी ताडून पाहायचा. 2019 च्या 12 आवृत्तीपासून हा निर्णय प्रोग्रामरलाही आपल्या हाती घेता येतो. दिवसाकाठी एकदाच चालणाऱ्या जड अहवालासाठी मी दर वेळी ताजी योजना आखण्याच्या बाजूने कौल देईन, आणि क्षणोक्षणी एकेक ओळ आणणाऱ्या क्वेरीला लोरींच्या पद्धतीवरच सोपवीन.