हायब्रीड मोटारीसाठी इंजिन ऑइलची निवड : दिल्लीच्या उन्हाळ्यात पातळ तेल चालते का?

राजधानी दिल्ली आणि लगतच्या गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद व गाझियाबाद या शहरांमध्ये पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या हायब्रीड मोटारी आता सर्रास दिसतात. या मोटारींचे इंजिन ऑइल बदलण्याची वेळ आली की अनेक वाहनधारकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असे अतिशय पातळ तेल सांगितलेले असते. ओळखीचा मेकॅनिक मात्र दिल्लीच्या उन्हात एवढे पातळ तेल टिकणार नाही, असे सांगून २०डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-४० घालण्याचा सल्ला देतो. या सल्ल्यामागील काळजी प्रामाणिक असली, तरी तिचा आधार जुन्या इंजिनांच्या अनुभवात आहे. हायब्रीड इंजिनाला तो लागू पडत नाही.

आकड्यांचा अर्थ

तेलाचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, दर्शविण्याची पद्धत अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स (एसएई) या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. वेळोवेळी सुधारणा होऊन आज ती 'जे-३००' या मानकाच्या रूपात जगभर वापरली जाते. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याआधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत.

तापल्यानंतरचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला मोजला जातो. २० श्रेणीच्या तेलासाठी तो ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, तर ४० श्रेणीसाठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. याशिवाय १५० अंशांवर आणि मोठ्या कर्तनाखाली (शिअर) तेलाचा दाटपणा टिकतो की नाही, याचीही चाचणी घेतली जाते. पातळ तेलांनाही ही चाचणी चुकत नाही. १६ ही श्रेणी या मानकात २०१३ मध्ये, तर १२ आणि ८ या श्रेणी २०१५ मध्ये समाविष्ट झाल्या.

बाहेरचे ऊन आणि इंजिनातील उष्णता

दिल्लीचे हवामान विषम आहे. सफदरजंग वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश, तर १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २९ मे २०२४ रोजी याच वेधशाळेत पारा ४६.८ अंशांवर पोहोचला होता. असा उन्हाळा अनुभवणाऱ्याला पातळ तेलाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु चालू इंजिनातील तेल बाहेरच्या हवेच्या नव्हे, तर इंजिनाच्या तापमानावर असते. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांची योजना इंजिनाचे तापमान ठरावीक पातळीवर राखण्यासाठीच केलेली असते. बाहेर १५ अंश असोत वा ४५, तापलेल्या इंजिनातील तेल साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास असते. शीतकरण व्यवस्था नीट असेल, तर बाहेरच्या उन्हाने या तेलावर पडणारा फरक मर्यादित राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात तेल जाड करण्यापेक्षा कूलंटची पातळी आणि रेडिएटरची स्वच्छता तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.

हायब्रीड इंजिनाचे वेगळेपण

भारतात होंडा सिव्हिक हायब्रीड २००८ मध्ये आणि टोयोटा प्रियस २०१० मध्ये दाखल झाली. या दोन्ही मोटारी आयात केलेल्या आणि महाग होत्या. २०२२ मध्ये मारुती सुझुकी ग्रँड विटारा, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर आणि राजस्थानातील टपूकडा येथे तयार होणारी होंडा सिटी हायब्रीड या मोटारी बाजारात आल्या आणि हे तंत्रज्ञान मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आले. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये अशा मोटारींवरील नोंदणी कर माफ केल्याने नोएडा व गाझियाबादमधील ग्राहकांचेही त्यांकडे लक्ष वेधले गेले.

साधी मोटार घरून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत बहुधा एकदाच सुरू होते. हायब्रीड मोटारीचे इंजिन मात्र धौला कुआँच्या कोंडीत किंवा दिल्ली-गुरुग्राम महामार्गावर एकाच प्रवासात अनेकदा बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. बंद असताना ते थोडे निवते. पुन्हा सुरू होताना विद्युत मोटर त्याला क्षणात वेगाने फिरवते. त्या क्षणी बेअरिंग आणि कॅमशाफ्टपर्यंत तेल ताबडतोब पोहोचणे आवश्यक असते. पातळ तेल हे काम अधिक लवकर करते. तेलाचा पंप, तेलवाहिन्या आणि सुट्या भागांमधील सूक्ष्म अंतरही त्या तेलाचा विचार करूनच ठरविलेले असते.

अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० घातल्यास पंपावरील भार वाढतो, अंतर्गत घर्षणामुळे इंधनाची बचत घटते आणि तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह-नियंत्रण यंत्रणा मंदावू शकते. ज्या बचतीसाठी जादा किंमत मोजून हायब्रीड घेतली, तिचाच काही भाग त्यामुळे वाया जातो. शिवाय हमीच्या काळात बिघाड झाल्यास चुकीच्या तेलाचा मुद्दा ग्राहकाच्या विरोधात जाऊ शकतो.

श्रेणी केव्हा बदलावी?

काही टोयोटा मोटारींच्या पुस्तिकांमध्ये ०डब्ल्यू-१६ न मिळाल्यास ०डब्ल्यू-२० वापरण्याची मुभा आहे. मात्र पुढच्या वेळी पुन्हा मूळ श्रेणी घालावी, असे सांगितले आहे. सतत अतिवेगाने किंवा अतिभार घेऊन मोटार चालवायची असल्यास अधिक दाट तेल योग्य ठरू शकते, अशीही सूचना आढळते. अशी सवलत पुस्तिकेत छापलेली असेल, तरच घ्यावी. उलटपक्षी, ०डब्ल्यू-१६ साठी न बनविलेल्या जुन्या इंजिनात ते घालू नये. कुफरी किंवा मनालीच्या हिवाळी सहलीसाठी तेल बदलण्याची गरज नसते, कारण ०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३५ अंशांवर झालेली असते.

खरा धोका छोट्या फेऱ्यांचा

राजधानी परिसरात या तेलाचा खरा शत्रू ऊन नसून धूळ आणि छोट्या फेऱ्या हे आहेत. जानेवारीतील धुक्यात शाळा, बाजार, मेट्रो स्थानक अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये इंजिन काही मिनिटेच चालते आणि पुरेसे तापत नाही. अशा वेळी न जळालेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात मिसळत राहते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी शोषून घेते. डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी न होता वाढलेली दिसली, तेलाला पेट्रोलचा वास आला किंवा झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर तपासणी करून घ्यावी. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग मोटार चालविल्यास इंजिन तापून बरीचशी वाफ निघून जाते.

म्हणूनच केवळ किलोमीटर मोजून चालत नाही. पुस्तिकेत अंतर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात. त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल, त्या वेळी तेल आणि फिल्टर बदलावेत. धूळ, कोंडी आणि छोट्या फेऱ्या यांसाठी पुस्तिकेत वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक असल्यास दिल्लीकरांनी तेच पाळावे.

खरेदी करताना

कश्मीरी गेट, करोल बाग किंवा घराजवळच्या दुकानातून तेल घेताना श्रेणीबरोबर दर्जाचे चिन्हही पाहावे. एपीआय एसपी आणि आयएलएसएसी जीएफ-६ हे दर्जे २०२० मध्ये लागू झाले. त्यांतील जीएफ-६बी हा केवळ ०डब्ल्यू-१६ साठी आहे. एपीआय एसक्यू आणि जीएफ-७ हे त्यापुढचे दर्जे मार्च २०२५ पासून लागू झाले. डब्याचे सील तपासावे, पावती घ्यावी आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्याचा पुन्हा गैरवापर होणार नाही. इंजिन ऑइल, गिअर यंत्रणेचे तेल आणि इन्व्हर्टरचे कूलंट हे तीन वेगळे द्रव आहेत, हेही लक्षात ठेवावे.

काढलेले तेल नाल्यात ओतू नये. दिल्लीतील बहुतेक नाले अखेर यमुनेला मिळतात. वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. त्यामुळे ते सर्व्हिस सेंटरकडेच सोपवावे.