तीन नोंदींवर उभा राहिलेला नियम

१/७
दोन बिंदुप्रभारांमधील बल प्रभारांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. भौतिकशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी कूलोमच्या या नियमावर गणिते सोडवतो. मात्र हा नियम कूलोमच्या आधीच ओळखला गेला होता. त्याच्याहून अचूक तपासलाही गेला होता.

२/७
प्रभारित धातूच्या भांड्यात टांगलेल्या बुचाच्या गोळीवर बल जाणवत नाही, हे बेंजामिन फ्रँकलिनला दिसले होते. पोकळ गोलाच्या आत त्या गोलाचे गुरुत्वाकर्षण शून्य असते, हे न्यूटनने सिद्ध केले होते. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टलीने दोहोंची सांगड घातली: विजेचा नियमही गुरुत्वाकर्षणासारखाच असावा. तर्क उत्तम होता, मोजमाप नव्हते.

३/७
ते १७७३ च्या सुमारास हेन्री कॅव्हेंडिशने केले. त्याने एका गोलाभोवती दोन पोकळ अर्धगोल बसवले, आतबाहेर तारेने जोडले आणि प्रभार दिला. अर्धगोल दूर केल्यावर आतल्या गोलावर प्रभार आढळला नाही. यावरून अंतराचा घातांक २ पासून फार तर एक-पन्नासांश ढळू शकतो, असे त्याने काढले. पण हे त्याने प्रसिद्धच केले नाही.

४/७
शार्ल ऑगस्तँ कूलोम हा फ्रेंच लष्करी अभियंता. मार्टिनिक बेटावर त्याने किल्ला बांधला होता. तारेला पीळ दिला की ती किती जोराने उलगडू पाहते, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला. त्यातूनच त्याचा पिळाचा तराजू घडला.

५/७
१७८५ मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे प्रतिकर्षणाच्या तीन नोंदी मांडल्या.
गोळ्यांतील अंतर ३६ अंश: तारेचा पीळ ३६ अंश.
अंतर १८: पीळ १४४.
अंतर ८.५: पीळ ५७५.५.
अंतर निम्मे होताच बल चौपट!

६/७
पण १८ चे निम्मे ९, ८.५ नव्हे. ८.५ अंशांना काटेकोर हिशेबाने पीळ सुमारे ६४६ अंश हवा. म्हणजे तिसऱ्या नोंदीत दहा टक्क्यांहून अधिक तफावत आहे. इतक्या जवळ अर्ध्या अंशाचा फरकही हिशेब बिघडवतो.

७/७
कॅव्हेंडिशची टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर शंभरावर वर्षे लोटली होती आणि नियमावर कूलोमचे नाव कोरले गेले होते. ते अन्यायाने मिळाले, असे मात्र म्हणता येत नाही. कूलोमने उपकरण, रीत आणि आकडे जगापुढे ठेवले, म्हणूनच त्यातील तफावत आज कोणालाही तपासता येते. कॅव्हेंडिशचे अचूक उत्तर कागदांत पडून राहिले. त्याच्या काळातील विज्ञानाला ते कधी मिळालेच नाही.